बिडी सोडताना निकोटिनची गोळी: चावायची नाही, मोजून विरघळू द्यायची

तालुक्याच्या मेडिकलमधून दहा गोळ्यांची एक पट्टी येते. पहिली गोळी चहासोबत तोंडात जाते, दोन मिनिटांत कडकड चावून संपते, घसा जळतो, उचक्या लागतात. दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी एक आणि चौथ्या दिवशी पुन्हा बिडीचा कट्टा. उरलेली पट्टी देवळीत पडून राहते आणि गावात बोललं जातं, "काही होत नाही बाप्पा त्या गोळीनं." पेपरमिंटसारखी खाल्ली तर ती खरंच काही करत नाही. नीट घेतली तर बिडी-सिगारेट सुटण्याची शक्यता गोळीविना सोडणाऱ्यांपेक्षा साधारण दीडपट होते. दीडपटच, शंभर टक्के नव्हे. म्हणून ती कशी घ्यायची हे नीट माहीत असणं फार कामाचं आहे.

मेडिकलमध्ये मागताना "निकोटिन लॉझेंज" म्हणा, नाहीतर च्युइंगम हातात येतं. च्युइंगम चावून गालात ठेवायचं असतं, ही गोळी नुसती विरघळू द्यायची असते. पट्टीवर निकोटिन पोलाक्रिलेक्स असं काहीसं नाव आणि २ किंवा ४ मिलीग्रॅम हा आकडा असतो. आकडा नसलेल्या, "तंबाखू सोडवणारी हर्बल टॉफी" अशा नावाच्या गोळ्या वेगळ्या, इथलं काही त्यांना लागू नाही. ई-सिगारेट तर देशात २०१९ पासून बंद आहे, तिच्या नादी लागू नका.

एक गैरसमज आधीच दूर करू. "बिडीत निकोटिन, गोळीतही निकोटिन, मग फरक काय?" निकोटिनमुळे सवय लागते. कॅन्सर, दमा आणि हृदयाचं नुकसान होतं ते मुख्यतः जळलेल्या तंबाखूच्या धुरातलं डांबर, कार्बन मोनॉक्साइड आणि इतर शेकडो विषारी द्रव्यांमुळे. गोळीत धूर नाही. शिवाय बिडीचा झुरका काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतो, गोळीतलं निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून वीस-तीस मिनिटांत हळूहळू रक्तात उतरतं. तलफ भागते, पण झुरक्यासारखा झटका बसत नाही, म्हणून गोळीची सवय लागण्याचा धोकाही कमी. हाच संथपणा लोकांना खटकतो आणि ते चावायला लागतात.

चुना आणि निंबू

तंबाखूत चुना का मळतात, हे विदर्भात कोणाला सांगायची गरज नाही. चुन्याशिवाय तंबाखू "लागत नाही". चुना क्षारीय आहे. क्षारीय तोंडात निकोटिन मोकळं होतं आणि गालातून झटकन आत शिरतं. आंबट तोंडात ते लाळेत अडकून राहतं, मग लाळेबरोबर पोटात जातं आणि तिथं जळजळ करतं.

गोळी बनवणाऱ्यांनी हेच गणित वापरलंय. गोळीत थोडा क्षार आधीच घातलेला असतो. तुम्ही वरून आंबट काही खाल्लं-प्यायलं की तो क्षार मारला जातो आणि गोळी फुकट जाते. मग आपल्याकडे आंबट काय काय चालतं ते आठवा: निंबू सरबत, ताक-मठ्ठा, संत्रं, चिंच, कैरीचं पन्हं, अंबाडीची भाजी, लोणचं, थंड पेयाची बाटली. कॉफीही आंबटच. चहा त्यामानानं कमी आंबट, पण गोळीसोबत तोही नको.

नियम सोपा आहे: गोळी ठेवण्याआधी १५ मिनिटं आणि ती तोंडात असेपर्यंत काही खायचं नाही, काही प्यायचं नाही. नागपुरी संत्र्याच्या दोन फोडी खाऊन लगेच गोळी ठेवली तर मोजणीत एक गोळी घेतली, अंगात फारसं काही पोचलं नाही. आंबट खाल्लं असेल तर साध्या पाण्यानं दोन-तीन चुळा भरा, १५ मिनिटं थांबा. गोळीला जोर यावा म्हणून सोबत चुना लावणं मात्र अजिबात नको. गाल भाजतो आणि निकोटिन एकदम चढतं.

उन्हाळ्यात या नियमाला एक अपवाद करा. वावरात पारा ४४-४५ वर असताना तहान लागली तर गोळीपायी पाणी अडवू नका. गोळी वाया गेली तरी चालेल, उन्हाचा झटका परवडत नाही. शक्यतो आधी पोटभर पाणी प्यावं आणि मग गोळी ठेवावी. कोरड्या तोंडात गोळी नीट विरघळतही नाही.

२ की ४

दिवसाला किती बिड्या, यावरून ताकद ठरत नाही. बिडी विझते, पुन्हा पेटवली जाते, कोणी अर्धी ओढून कानामागे खोचतो, त्यामुळे तो हिशेब फसवा असतो. विचारायचा प्रश्न एकच: सकाळी डोळे उघडल्यापासून पहिली बिडी किती वेळात पेटते?

३० मिनिटांच्या आत पेटत असेल तर ४ मिलीग्रॅम. त्यानंतर पेटत असेल तर २ मिलीग्रॅम.

आपल्याकडे बरेच जण बिडी ओढल्याशिवाय परसाकडे जात नाहीत. म्हणजे पहिली बिडी उठल्याच्या दहा-पंधरा मिनिटांत, म्हणजे ४ चे गिऱ्हाईक. २ ची गोळी सहसा चिठ्ठीविना मिळते, ४ साठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते. चिठ्ठीच्या कटकटीपायी लोक २ वरच भागवतात आणि चौथ्या दिवशी हरतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात एक फेरी मारलेली बरी. ४ नाही मिळाली म्हणून २ च्या दोन गोळ्या एकदम तोंडात ठेवू नका. एका वेळी एकच.

सकाळी मशेरी किंवा गुडाखू घासण्याची सवय असेल तर तीही तंबाखूच आहे. पहिल्या बिडीची वेळ मोजताना तिथून मोजा.

तोंडात ठेवायची रीत

सकाळची पहिली गोळी डोळ्यासमोर आणा. उठलात, साध्या पाण्यानं चूळ भरली. हात कोरडे करा, पट्टीचा मागचा कागद सोलून गोळी बाहेर काढा. जिभेवर ठेवा आणि सोडून द्या. मिनिटाभरात तोंडात ऊब जाणवते, जिभेला बारीक चुणचुण होते, चव किंचित तिखट लागते. म्हणजे निकोटिन सुटायला लागलं. आता जिभेनं ती ढकलून वरच्या दाढेच्या बाहेर, हिरडी आणि गालाच्या मधे बसवा आणि विसरा. चार-पाच मिनिटांनी दुसऱ्या गालात न्या. पुन्हा तसंच. एकाच जागी अर्धा तास ठेवली तर तिथली कातडी चुरचुरते. मोठी गोळी पूर्ण विरघळायला २० ते ३० मिनिटं लागतात, मिनी नावाची छोटी गोळी साधारण १० मिनिटांत जाते.

लाळेचं काय करायचं, इथं दोन उलट्या चुका होतात. खर्रा (सुपारी-तंबाखू-चुन्याचा घोटा) खाणाऱ्याचा हात सवयीनं पिचकारीकडे जातो. थुंकलं की निम्मी मात्रा मातीत. बिडी ओढणारा उलट भराभर गिळत जातो. गिळलेलं निकोटिन पोटातून यकृतात जाऊन बरंचसं तिथंच मोडतं आणि वर उचक्या, मळमळ, छातीत जळजळ मागे लागते. लाळ थोडा वेळ तोंडात राहू द्या, मग थोडी थोडी गिळा. गोळी जोरात चोखू नका. चोखलं की लाळ वाढते, लाळ वाढली की गिळावंच लागतं.

गोळी चावली किंवा अख्खी गिळली तर घाबरायचं कारण नाही, पण तास-दीड तास दुसरी घेऊ नका. तोंडातली गोळी अर्धी असताना अंगात मळमळ, गरगर आली तर काढून टाका, चूळ भरा, सावलीत बसा.

दात पडलेले, कवळी असलेले आणि खर्ऱ्यामुळे तोंड कमी उघडणारे यांना च्युइंगम चावता येत नाही. त्यांच्यासाठी गोळीच बरी. मात्र तोंडात तीन बोटं उभी जात नसतील, पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन आठवडे न भरणारा फोड असेल तर गोळीच्या आधी दातांच्या डॉक्टरांना तोंड दाखवा.

दिवसात किती

तलफ आल्यावर गोळी घ्यायची, असं बहुतेकांना वाटतं. पण तलफ जास्तीत जास्त पाच-दहा मिनिटं टिकते आणि गोळीचा पूर्ण असर यायला वीस मिनिटं लागतात. म्हणजे तलफ आल्यावर ठेवलेली गोळी उशिराच पोचणार. पहिले सहा आठवडे घड्याळ बघून घ्यायची, तलफ असो-नसो.

आठवडा १ ते ६: दर १ ते २ तासांनी एक, दिवसाला कमीत कमी ९.
आठवडा ७ ते ९: दर २ ते ४ तासांनी एक.
आठवडा १० ते १२: दर ४ ते ८ तासांनी एक.

वरची मर्यादा: ६ तासांत ५ पेक्षा जास्त नाही, २४ तासांत २० पेक्षा जास्त नाही. बहुतेकांना दहा-बारा पुरतात, १५ च्या पुढे जावं लागत असेल तर ताकद चुकली किंवा रीत चुकली, डॉक्टरांना विचारा. एक संपल्याबरोबर दुसरी, असं लागोपाठ कधीच नाही.

शेतीच्या दिवसात हे कसं बसतं, त्याचा एक नमुना. उठल्याबरोबर साडेपाचला पहिली गोळी, बिडीच्या जागी. सहाला ती संपली की चहा. वावराकडे निघताना सातला दुसरी. साडेआठला न्याहारी, तोंड धुऊन नऊला तिसरी. साडेदहाला चौथी, बाराला पाचवी. एकला धुऱ्यावरच्या झाडाखाली भाकर आणि ताक, मग चुळा भरून पावणेदोनला सहावी. जेवणानंतरची बिडी सगळ्यात चिवट असते, त्या पंधरा मिनिटांत हाताला काम द्या, बैलाला पाणी पाजा, डबे धुवा. साडेतीनला सातवी, चारनंतरचा चहा, पाचला आठवी. साडेसहाला नववी, म्हणजे पानठेल्याच्या वेळेला तोंड आधीच गुंतलेलं. आठला जेवण, पावणेनऊला दहावी. झोप बिघडत असेल तर ही शेवटची सोडा.

मोबाइलवर गजर लावा किंवा सकाळीच दहा गोळ्या पट्टीसकट कापून खिशात ठेवा. रात्री खिशात पाच उरल्या असतील तर दिवस चुकला, इतकं साधं.

आता खर्च. दिवसाला दहा धरल्या तर पहिल्या सहा आठवड्यांना ४२० गोळ्या, पुढच्या तीन आठवड्यांना रोज सहाच्या हिशेबानं १२६ आणि शेवटच्या तीन आठवड्यांना रोज तीन म्हणजे ६३. एकूण ६०० च्या आसपास. पट्टीवरची किंमत गोळ्यांनी भागा आणि ६०० नं गुणा. बिडीच्या कट्ट्यापेक्षा हे महाग पडतं, ते लपवून उपयोग नाही. सिगारेट ओढणाऱ्याला तेवढं जड जात नाही. पैसे कमीच असतील तर ६०० गोळ्यांचं काम २०० मध्ये ओढूनताणून करण्यापेक्षा पहिले सहा आठवडे पूर्ण मात्रेत घ्या आणि पुढचा उतार लवकर उरका. पहिल्या पंधरवड्यातली कंजुषी सगळ्यात घातक, कारण अंगाची ओढाताण पहिल्या आठवड्यात सर्वांत जोरात असते आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरते. गावाच्या मेडिकलमध्ये एवढा माल नसतो. सोडायच्या दिवसाआधी दोन आठवड्यांच्या, म्हणजे १४० गोळ्या हातात असू द्या.

निकोटिन बदली उपचार, म्हणजे बिडीऐवजी अशा औषधातून निकोटिन देणं, २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आला आहे. जिल्हा रुग्णालयातल्या तंबाखूमुक्ती केंद्रात औषध शिल्लक आहे का, हे जाण्याआधी फोनवर किंवा आशाताईंकडून विचारून घ्या, एसटीचं भाडं वाचेल. तिथले डॉक्टर कधी कधी निकोटिनचा पॅच (कातडीवर चिकटवायची पट्टी) आणि गोळी अशी जोडी देतात. दिवसभराचा आधार पॅचचा आणि मधल्या तलफेला गोळी. एकट्या गोळीपेक्षा जोडीचा गुण जास्त येतो, पण ती मनानं करायची गोष्ट नाही.

सोडायचा दिवस ठरवताना पंचांगापेक्षा कामाचं वेळापत्रक बघा. पोळा, पोळ्याचा दुसरा दिवस (कर), लग्नाची पंगत, फवारणीचा हप्ता हे दिवस टाळा. आणि त्या दिवशी बिडी पूर्ण बंद, "गोळीही आणि दोन बिड्याही" असं नाही. घरातच बिड्या वळल्या जात असतील, जसं गोंदिया-भंडाऱ्याकडे असतं, तर तंबाखूचं सूप आणि पानांची टोपली झोपायच्या खोलीबाहेर न्या.

खर्ऱ्याची पळवाट

आपल्या भागात बिडी सोडणारा माणूस बहुतेक वेळा खर्ऱ्यात अडकतो. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून दिलेला खर्रा तोंडात ठेवून "मी बिडी सोडली" म्हणणाऱ्याची निकोटिनची मात्रा कमी झालेलीच नसते, उलट सुपारीनं तोंड आवळायला सुरुवात होते. खर्रा आणि गोळी एकाच दिवशी घेतली तर निकोटिन दुप्पट चढतं: मळमळ, थंड घाम, छातीत धडधड. बिडी, खर्रा, मशेरी, गुडाखू सगळं एकाच दिवशी बंद करायचं आणि त्या सगळ्याच्या बदल्यात गोळी, असाच हिशेब धरा. तोंडात काहीतरी धरायची सवय गोळी बरीचशी भागवते. मधल्या वेळेला भाजलेले फुटाणे, बडीशेप चालेल, सुपारी नको. फुटाणे खाल्ल्यावरही गोळीआधी १५ मिनिटं आहेतच.

हात धुतल्याशिवाय नाही

फवारणीच्या दिवसांसाठी हा भाग दोनदा वाचा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी-मजुरांना झालेली विषबाधा सगळ्यांच्या लक्षात आहे. कीटकनाशकाच्या विषबाधेची पहिली लक्षणं म्हणजे मळमळ, तोंडाला पाणी सुटणं, घाम, डोकं दुखणं, गरगरणं. निकोटिन जास्त झाल्याची लक्षणंही जवळपास हीच. इमिडाक्लोप्रिडसारखी काही औषधं तर किडीच्या शरीरात ज्या जागी निकोटिन काम करतं त्याच जागी काम करतात.

म्हणून पंप पाठीवर असताना गोळी तोंडात नको. गोळी काढताना बोटं तोंडाला लागतात, त्या बोटांवर औषध असतं. फवारणी संपवून, कपडे बदलून, साबणानं हात-तोंड धुऊन मगच गोळी. फवारल्यावर मळमळ-गरगर सुरू झाली तर "गोळी लागली असेल" म्हणून झोपून राहू नका. थेट दवाखान्यात जा, कीटकनाशकाचा डबा आणि गोळीची पट्टी दोन्ही सोबत न्या आणि डॉक्टरांना दोन्ही सांगा.

त्रास कुठला, आणि का

उचकी सगळ्यांत जास्त लागते, ती भराभर गिळल्यामुळे. गोळी गालात स्थिर ठेवा, जीभ लावू नका. छातीत जळजळ असेल तर उपाशीपोटी आणि तिखट जेवणावर लगेच गोळी टाळा. घसा खवखवणं, तोंडाला चुणचुण हे आठवडाभरात कमी होतं. डोकेदुखी आणि हलकी चक्कर ४ च्या गोळीवर येत असेल तर अंतर वाढवून बघा, तरी राहिली तर २ वर या.

चिडचिड, भूक वाढणं, झोप मोडणं, लक्ष न लागणं ही गोळीची नव्हे, बिडी सुटल्याची लक्षणं. पोट साफ न होणं हेही त्यातलंच, आणि याच एका कारणानं कितीतरी लोक सकाळची बिडी पुन्हा धरतात. सकाळी गोळीच्या १५ मिनिटं आधी दोन तांबे कोमट पाणी, जेवणात ज्वारीची भाकर आणि पालेभाजी ठेवा. दोन-तीन आठवडे धीर धरा, आतडी पूर्वपदावर येतात.

चहाची गंमत थोड्यांना माहीत असते. बिडीच्या धुरामुळे यकृत चहा-कॉफीतलं कॅफिन झपाट्यानं मोडत असतं. धूर थांबला की तोच सहा कप चहा जास्त चढतो. धडधड, हात थरथरणं, रात्री डोळा न लागणं, आणि दोष मात्र गोळीला. बिडी सोडली त्या दिवसापासून चहा निम्मा करा.

हेच औषधांच्या बाबतीतही होतं आणि तिथं ते गंमतीचं नसतं. धापेसाठी थिओफायलिन, इटोफायलिनच्या गोळ्या चालू असतील, मानसिक आजारासाठी क्लोझापिन किंवा ओलान्झापिन चालू असेल, तर धूर बंद झाल्यावर काही दिवसांतच त्यांचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. इन्सुलिनची मात्राही बदलावी लागू शकते. बिडी सोडण्याच्या आधीच डॉक्टरांना सांगा.

कोणी आधी विचारायचं: गेल्या दोन आठवड्यांत हृदयविकाराचा झटका आलेले, छातीत कळ वाढत चाललेले, हृदयाचे ठोके गंभीरपणे अनियमित असलेले, रक्तदाब काबूत नसलेले, पोटात अल्सर असलेले, मधुमेही, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया. यांतल्या बऱ्याच जणांना डॉक्टर गोळी देतातही, कारण बिडी त्याहून वाईट; पण ते त्यांनी ठरवायचं. १८ वर्षांखालच्या पोरांना आपल्या मनानं देऊ नका. आणि ज्यानं कधी तंबाखू घेतलीच नाही त्यानं "बघू कशी लागते" म्हणून चाखू नये, २ ची गोळीही त्याला उलटी करवते.

पोरांच्या हाताला लागू नये

गोळी पांढरी, गोल, पुदिन्याच्या वासाची. दोन वर्षांच्या पोरासाठी ती चॉकलेटच. एक-दोन गोळ्याही एवढ्या लहान पोराला गंभीर विषबाधा करू शकतात: लाळ गळते, उलटी होते, अंग पांढरं पडतं, घाम येतो, नंतर गुंगी, झटके. असं झालं तर तोंडातले तुकडे बोटानं काढा, ओकारी काढायला लावू नका, मीठ-पाणी पाजू नका, १०८ लावा आणि पट्टी सोबत घ्या. अर्धी चघळलेली गोळी अंगणात फेकायची नाही, शेळी-कोंबडीही उचलते. कागदात गुंडाळून पोराच्या हाताबाहेर टाका. गोळ्या पट्टीतून आधीच सोडवून डबीत भरून ठेवू नका. दमट हवेत त्या चिकट होतात आणि डबीतली गोळी कोणती हे कोणाला कळत नाही.

टिनाच्या घरात मे महिन्यात आढ्याजवळ भट्टी असते. पट्टी मोटारसायकलच्या डिक्कीत, टिनाखालच्या फळीवर किंवा उन्हातल्या शर्टच्या खिशात ठेवू नका. आतल्या खोलीत, कोरड्या स्टीलच्या डब्यात, उंचावर. वावरात नेताना त्या दिवसापुरत्याच न्या आणि न्याहारीच्या डब्यासोबत सावलीत ठेवा.

बिडी ओढली गेलीच तर

पहिल्या महिन्यात एखादी ओढली जाते. लोक मग गोळ्या बंद करतात, "मोडलंच आता" म्हणून. उलट करायचं: उरलेला कट्टा मोडून पाण्यात टाका, दीड-दोन तास जाऊ द्या आणि गोळीचं वेळापत्रक जिथं होतं तिथूनच धरा. आठवड्यातून तीनदा असं होत असेल तर दिवसाच्या गोळ्या मोजा. बहुतेक वेळा त्या सहा-सातच निघतात.

सातव्या आठवड्यापासून कमी करताना सकाळची आणि जेवणानंतरची गोळी शेवटी सोडा, मधल्या आधी. दर तीन-चार दिवसांनी एक कमी केली तरी पुरे. गोळीऐवजी कधी कधी साधी बडीशेप तोंडात टाका, हाताची सवय तेवढ्यावर भागते. बाराव्या आठवड्यानंतरही दिवसाला दोन-तीन लागत असतील तर घाबरून पुन्हा बिडीकडे जाण्यापेक्षा डॉक्टरांना दाखवून आणखी काही आठवडे चालवलेलं बरं. गोळ्या संपल्यावरही चार-पाच खिशात राहू द्या. लग्नाच्या मांडवात, मर्तिकाला, कापूस मोजायच्या रांगेत जुने सोबती कट्टा पुढे करतात, ते प्रसंग वर्षभर येत राहतात.

फोनवर मराठीत बोलायचं असेल तर १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय तंबाखूमुक्ती क्रमांक मोफत आहे, सकाळी ८ ते रात्री ८, सोमवारी बंद. हाच क्रमांक तंबाखूच्या पाकिटावरच्या चित्राखाली छापलेला असतो. शेवटचं पाकीट फेकायच्या आधी तो मोबाइलमध्ये उतरवून घ्या.